नाशिकच्या आकाशातली रेघ कुठल्या विमानाची?

संध्याकाळी गच्चीवर उभं असताना डोक्यावरून पांढरी रेघ ओढत विमान निघालं की हात आपोआप मोबाइलकडे जातो. विमानं नकाशावर दाखवणारं ॲप उघडायचं, त्यात आपल्या जवळ जे विमान दिसेल त्यावर बोट ठेवायचं आणि नाव सांगून मोकळं व्हायचं. ओळख चुकते ती नेमकी इथे. एकदा नाव वाचलं की डोळ्यांनी पाहिलेलं आपण त्या नावाला जुळवून घेतो. दोन इंजिनांची चार होतात, ईशान्येची पूर्व होते. म्हणून पहिलं मिनिट आकाशाला द्यायचं, मोबाइल त्यानंतर. रेघेवर विमानाचं नाव लिहिलेलं नसतं, पण ते विमान कुठलं असूच शकत नाही हे रेघ फार खात्रीने सांगते. ओळखीचं निम्म्याहून अधिक काम तिथेच उरकतं.

आधी रेघ म्हणजे काय ते बघू. हा धूर नव्हे, बर्फ आहे. १ किलो विमानाचं इंधन जळालं की साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. ही गरम, ओली वाफ बाहेरच्या कडाक्याच्या थंड हवेत मिसळली की आधी थेंब आणि लगेच बर्फाचे बारीक कण होतात. हवा किती थंड असली म्हणजे हे घडेल, याचं गणित जर्मनीत श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत ॲपलमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. उंची, हवेतली आर्द्रता आणि इंजिन यांनुसार आकडा थोडा मागेपुढे होतो, पण उणे ४० अंश सेल्सिअस हा उंबरठा लक्षात ठेवला तरी काम भागतं. रेघ उमटायला थंडी लागते आणि ती टिकायला ओल लागते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरची हवा थंड पण कोरडी असेल तर विमानामागे वीतभर शेपूट दिसतं आणि ते विमानाबरोबर पुढे सरकत राहतं. हवा बर्फाच्या दृष्टीने तुडुंब ओली असेल तर रेघ तासभरसुद्धा राहते, पसरते आणि पिंजलेल्या कापसासारखी होते.

उंबरठ्याचा हा आकडा नाशिकसाठी फार कामाचा आहे. आपण २० अंश अक्षांशावर आहोत आणि इथली वरची हवा युरोपच्या मानाने बरीच उबदार असते. तिकडे ८-९ किलोमीटरवरच रेघा उमटतात. आपल्याकडे उणे ४० गाठायला साधारण ३४-३५ हजार फूट चढावं लागतं, हिवाळ्यात थोडं कमी. म्हणजे नाशिकवर ठसठशीत रेघ दिसली तर ते विमान बहुधा ३४ हजार फुटांच्या वर आहे. एटीआरसारखी पंख्याची (प्रोपेलरची) विमानं २५ हजार फुटांच्या वर जातच नाहीत, ती एका फटक्यात यादीतून गेली. हेलिकॉप्टरचा तर प्रश्नच नाही.

यातूनच नाशिकपुरता एक पक्का नियम निघतो. मुंबई विमानतळ आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे ७५ सागरी मैलांवर आहे. उतरताना विमान ढोबळमानाने ३ सागरी मैलांत १,००० फूट खाली येतं. या हिशोबाने मुंबईला उतरणारं विमान नाशिकच्या डोक्यावर असताना २५ हजार फुटांच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवं. तिथली हवा रेघेसाठी गरम पडते. मुंबईहून निघालेलं विमानही ७५ मैलांत बहुधा ३० हजारांच्या आतच असतं. नकाशावर मुंबई-लखनऊ सरळ रेघ ओढली तर ती जवळजवळ नाशिक शहरावरून जाते. त्यामुळे ॲपमध्ये ते विमान डोक्यावर दिसतं आणि लोक खुशाल त्याचं नाव घेतात. पण ते अजून चढत असतं आणि रेघ त्याच्याहून वर असलेल्या दुसऱ्याच विमानाची असते. मुंबईचं विमान आणि लांबलचक रेघ ही जोडी दिसली की पुन्हा एकदा तपासायचं.

आता मोजमाप. यासाठी हात पुरतो. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश, मधली तीन बोटं मिळून ५ अंश. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून आपली मूठ एकदा पारखून घ्यावी. नाशिकमध्ये त्याची सोय आकाशातच आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ आपल्या अक्षांशाइतका वर असतो, म्हणजे २० अंश. उघड्या जागी, सपाट क्षितिजावरून मुठीवर मूठ ठेवत गेलात तर ध्रुवाला दोन मुठी लागल्या पाहिजेत. अडीच लागल्या तर तुमची मूठ ८ अंशांची आहे, तेवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. खरी उत्तरही ध्रुवच देतो. एका रात्री ध्रुवाच्या बरोबर खाली कुठली टाकी, कुठला टॉवर, कुठल्या इमारतीचा कोपरा येतो ते पाहून ठेवलं की दिवसा दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्राची गरज उरत नाही. नाशिकला होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाइतकाही फरक नाही, तेव्हा दोष सुईचा नसतो. गच्चीवरच्या सळया, सोलरचा सांगाडा आणि मोबाइलच्या कव्हरमधलं लोहचुंबक सुई फिरवतात. कव्हर काढून, लोखंडापासून दोन-तीन पावलं लांब उभं राहून मोजलं तर बरं.

कोनावरून अंतर काढायला उंची लागते. ॲपवर दिसणारा ३६,००० फुटांचा आकडा हवेच्या दाबावरून काढलेला असतो, पट्टीने मोजलेला नसतो. आपल्याकडची हवा उबदार, म्हणून फुगलेली. त्यामुळे तोच दाब आपल्याकडे जरा जास्त उंचीवर भेटतो. ‘३६,०००’ दाखवणारं विमान समुद्रसपाटीपासून प्रत्यक्षात साडेअकरा किलोमीटरच्या आसपास असतं. नाशिक स्वतःच सुमारे ६०० मीटरवर आहे. ते वजा केलं की हिशोबाला सोपा आकडा हाती येतो: विमान आपल्या डोक्यापासून ११ किलोमीटर वर. तिथून पुढे नुसती त्रिकोणमिती. ४५ अंशांवर दिसलं तर जमिनीवरून ११ किलोमीटर लांब, ३० अंशांवर १९, २० अंशांवर ३०, १५ अंशांवर ४१ आणि १० अंशांवर ६२.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा गावांना बांधून टाकावेत. शहराच्या मध्यावरून पाहताना ईशान्येला ३० अंशांवरची रेघ ओझरच्या आसपास आहे. आग्नेयेला २० अंशांवर असेल तर सिन्नरच्या माथ्यावर, पश्चिमेला २० अंशांवर असेल तर त्र्यंबकवर. ईशान्येला एकाच मुठीवर असेल तर चांदवड. आपल्याला वाटतं रेघ ‘नाशिकवरून’ गेली, आणि प्रत्यक्षात ती चांदवडकरांच्या डोक्यावरची असते. ॲपमध्ये विमान शोधताना लोक फक्त आपल्याभोवतीचा ५-१० किलोमीटरचा भाग पाहतात, तिथे काही सापडत नाही, आणि मग ‘अज्ञात विमान’ म्हणून फोटो फिरू लागतो. नकाशा ६० किलोमीटरपर्यंत मागे घेतला असता तर ते सापडलं असतं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, पूर्वेला दीड मुठीवर एक रेघ डावीकडून उजवीकडे जाते आहे, म्हणजे उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे. १५ अंश म्हणजे ४० किलोमीटर, म्हणजे निफाड-लासलगावचा पट्टा. आता नकाशावर अहमदाबाद आणि बेंगळुरू सरळ जोडा. ती रेघ याच पट्ट्यावरून जाते आणि दिशाही हीच असते. प्रत्यक्ष हवाई मार्ग सरळ रेघेपासून इकडेतिकडे होतो, त्यामुळे एवढ्यावर शिक्का मारायचा नाही, पण पहिला अंदाज बांधायला हे पुरेसं आहे. यानंतर उंचीचा नियम लावायचा. भारतात २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या दरम्यान विमानं एक-एक हजार फुटांच्या अंतराने उडतात. ० ते १७९ अंशांच्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात जाणाऱ्यांना विषम हजार मिळतात: ३३, ३५, ३७, ३९. पश्चिमेकडच्या अर्ध्यात जाणाऱ्यांना सम: ३४, ३६, ३८, ४०. आपलं विमान दक्षिण-आग्नेयेला चाललंय, म्हणजे विषम. ॲपमध्ये त्या पट्ट्यात दोन विमानं दिसली, एक ३१ हजारांवर आणि एक ३७ हजारांवर, तर ३१ वालं रेघेसाठी फार खाली आहे. ३७ वालं उरलं. नाव आता वाचायचं.

दुर्बिणीतून रेघेचं तोंड पाहणं हा या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग, आणि बहुतेक जण नेमका तोच सोडतात. १० बाय ५०ची साधी दुर्बीण पुरते. इंजिनाच्या लगेच मागे काहीच नसतं. साधारण विमानाच्या लांबीएवढी मोकळी जागा जाते आणि मग अचानक, हवेतून फुटल्यासारखे, दोन पांढरे धागे सुरू होतात. प्रत्येक इंजिनाचा एक. थोडं मागे हे धागे जाड होत जातात, मग पंखांच्या टोकांकडून येणारे भोवरे त्यांना आत ओढून घेतात आणि दोरखंडासारखे पीळ पडलेले दोन नळ तयार होतात. ते दोन्ही मिळून शेदोनशे मीटर खाली बसतात. मिनिटाभराने नळांना लाटा येतात, लाटा एकमेकींना भिडतात आणि रेघेवर कडी किंवा झुंबरं लोंबल्यासारखी दिसतात. क्रो या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये या लाटांचं गणित मांडलं, म्हणून त्यांना त्याचंच नाव आहे. झुंबरं पाहून विमानात काही बिघाड झाला असं समजू नये.

इंजिनं मोजायची ती रेघेच्या तोंडाशीच. मागे गेल्यावर चारांच्या दोन होतात आणि दोनांची एक. चार धागे स्पष्ट दिसले तर यादी एकदम आखडते. प्रवासी विमानांत ए३८०, बोइंग ७४७ आणि काही उरलेली ए३४०. लष्करी मालवाहूंत सी-१७ आणि आयएल-७६. तीन धागे दिसणं आता दुर्मीळ, एमडी-११ मालवाहू किंवा फाल्कन जातीचं खासगी जेट. दोन धागे एकमेकांना चिकटलेले, शेपटाशी सुरू होणारे आणि विमान इवलंसं असेल तर ते खासगी जेट समजावं. ही जेट अनेकदा ४१ हजारांच्याही वर, प्रवासी विमानांच्या डोक्यावरून जातात. बाकी सगळी गर्दी दोन दूर-दूर धाग्यांची, आणि तिथे लांबी मदतीला येते.

लांबीसाठी माप चंद्राचं. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. ए३२० विमान ३७.६ मीटर लांब, ते बरोबर डोक्यावर ११ किलोमीटरवर असताना चंद्राच्या एक तृतीयांशाहून थोडंसं मोठं दिसतं. बोइंग ७७७-३००ईआर ७३.९ मीटर लांब, ते चंद्राच्या पाऊण भरतं. दुप्पट फरक डोळ्याला सहज कळतो. ए३२० आणि ७३७-८०० मध्ये मात्र जेमतेम २ मीटरांचा फरक आहे. तो या अंतरावरून डोळ्यांनी ओळखल्याचा दावा करू नये. लांबपल्ल्याच्या विमानांत पंखाची टोकं बोलकी असतात. ए३५०ची वर वळलेली कोयत्यासारखी, ७८७ची मागे निमुळती होत गेलेली, ए३३०ची लहान उभ्या पात्यांची. इंडिगोच्या विमानांचं पोट गडद निळं असतं, एमिरेट्सच्या विमानांच्या पोटावर मोठ्या लाल अक्षरांत नाव असतं. हवा स्वच्छ असेल आणि विमान डोक्यावर असेल तर दोन्ही गोष्टी लांब झूमच्या कॅमेऱ्यात दिसतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: शटर एक हजारांश सेकंदाहून वेगवान, आयएसओ २०० ते ४००, एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं, नाहीतर रेघ आणि विमान एकत्र पांढरंफटक होतं. फोकस आधीच चंद्रावर किंवा लांबच्या डोंगरावर पक्का करायचा. दुपारी तापलेल्या स्लॅबवर किंवा पत्र्याच्या शेडवरून फोटो काढला तर विमान पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. तो लेन्सचा दोष नाही, गरम हवेचा आहे. सकाळची वेळ गाठावी. आणि सूर्य आकाशात असताना दुर्बीण किंवा कॅमेरा फिरवायचा तर सूर्य भिंतीआड जाईल अशा सावलीत उभं राहूनच फिरवायचा. सूर्यावरून चुकून एकदा गेलेली नजर कायमची जाऊ शकते. याला अपवाद नाही.

वेग मोजायचा असेल तर तोही मुठीने. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान डोक्यावर एक मूठ, म्हणजे १० अंश, ओलांडायला सात ते आठ सेकंद घेतं. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून जोरात वाहतं, त्यामुळे पूर्वेला जाणारी विमानं जमिनीच्या हिशोबाने जलद आणि पश्चिमेला जाणारी हळू जातात. पावसाळ्यात वरचं वारं फिरून पूर्वेकडचं होतं, पण तेव्हा रेघा ढगांआड असतात. आवाजाने मात्र फसायला होतं. ११ किलोमीटरवरून आवाज यायला ३५ सेकंदांच्या आसपास लागतात, तेवढ्यात विमान साडेआठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाजाच्या दिशेने मान वर केली तर आकाश रिकामं दिसतं. विमान तिथून चार मुठी पुढे शोधायचं.

विमान निघून गेलं आणि फक्त रेघ उरली असेल तर काम अवघड होतं, पण अशक्य नाही. रेघ वाऱ्याबरोबर वाहते. वरचं वारं ताशी १०० किलोमीटर असेल तर २० मिनिटांपूर्वीची रेघ ३३ किलोमीटर सरकलेली असते. विंडीसारख्या हवामानाच्या साइटवर २५० आणि २०० हेक्टापास्कल (हवेच्या दाबाचं माप) या दोन थरांचा वारा पाहायचा. नाशिकवर ते अंदाजे ११ आणि साडेबारा किलोमीटर. मग रेघ तेवढी वाऱ्याच्या उलट दिशेने मागे न्यायची आणि त्या वेळी तिथे कोण होतं ते ॲपमध्ये मागे जाऊन पाहायचं. आकाशात तीन-चार समांतर रेघा एकाच वेळी दिसल्या तर चार वेगळे हवाई मार्ग आहेत असं समजू नये. मार्ग एकच असतो. विमानं १०-१० मिनिटांनी जातात आणि प्रत्येकाची रेघ वारा बाजूला सारत नेतो. सर्वांत धारदार रेघ ताजी, सर्वांत फिसकटलेली जुनी.

वरच्या हवेचं तापमान अंदाजाने घ्यायचं नसेल तर फुग्याच्या नोंदी आहेत. मुंबईच्या सांताक्रूझहून आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) चिकलठाण्याहून हवामान खात्याचे फुगे सोडले जातात, आणि वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर त्यांचे आकडे सगळ्यांना खुले असतात. तिथे तापमान उणे ४० च्या खाली कुठल्या उंचीवर जातं ते पाहायचं. तोच त्या दिवसाचा रेघेचा तळ. शेजारून जाणाऱ्या दोन विमानांपैकी एकालाच रेघ असते तेव्हा कारण बहुतेक हेच: दोघांत हजार-दोन हजार फुटांचा फरक असतो आणि हजार फुटांना साधारण दोन-अडीच अंश तापमान बदलतं. क्वचित इंजिनाचाही फरक असतो. नव्या, काटकसरी इंजिनाचा धूर कमी गरम असतो, त्यामुळे त्याची रेघ थोड्या उबदार हवेतही उमटते. जर्मन संशोधकांनी ए३४० आणि जुनं बोइंग ७०७ एकाच उंचीवर शेजारी-शेजारी उडवून हे दाखवून दिलं होतं.

उणे ४०च्या नियमाला एक देखणा अपवाद आहे. कधी रेघ इंजिनामागे जागा न सोडता थेट पंखापासूनच सुरू होते, पंखाइतकी रुंद असते आणि उन्हात तिला इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. ती इंजिनाची नव्हेच. पंखावरून जाताना हवेचा दाब एकदम पडतो, हवा गार होते आणि तिच्यातलीच ओल गोठते. ही रेघ थोड्या खालच्या, उबदार थरातही दिसते. रंग दिसले तर उंचीचा अंदाज सोडून द्यायचा.

द्राक्षबागायतदारांचा नेहमीचा प्रश्न असतो, रेघ टिकली म्हणजे पाऊस येणार का. काढणीच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आभाळाकडे डोळे लागलेले असतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. टिकलेली रेघ एवढंच सांगते की ११-१२ किलोमीटरवर ओल आली आहे. पश्चिमी विक्षोभ जवळ असला की असं होतं, पण बऱ्याचदा ती ओल वरच्या वर निघून जाते. फवारणीचा निर्णय रेघेवर घेऊ नये, हवामान खात्याचा इशारा पाहावा.

ओझरमुळे नाशिकचं आकाश इतर शहरांहून वेगळं आहे. १९६४ पासून तिथे एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं तिथे उभी राहिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं. सुखोईची दोन इंजिनं शेजारी-शेजारी, म्हणून तिच्या दोन धाग्यांची लगेच एक रेघ होते. तेजसला एकच इंजिन. पण लढाऊ विमान ओळखायची खरी खूण रेघेचा आकार. प्रवासी विमान सरळ जातं किंवा फार मोठ्या वळणाने वळतं. रेघेला घट्ट वळसा, पूर्ण गोल किंवा माघारी फिरलेला आकडा दिसला आणि ॲपमध्ये तिथे कोणीच नसेल, तर ते लष्करी समजून ओळख तिथेच थांबवावी. वहीत ‘लढाऊ, एक रेघ, वळसा’ एवढं पुरे. त्याची वेळ, जागा आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत, धावपट्टीकडे कॅमेरा रोखू नये.

ॲपवर किती भरवसा ठेवायचा? नकाशावरचं विमान काही सेकंद मागे असू शकतं. २० सेकंदांचा उशीर म्हणजे ५ किलोमीटर. म्हणून निरीक्षणाची वेळ सेकंदासकट लिहायची, ‘सहाच्या सुमारास’ असं लिहून काही हाती लागत नाही. नोंदींच्या साइटवर वेळ अनेकदा जागतिक घड्याळाची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. काही ॲप विमानमालकांच्या विनंतीवरून खासगी विमानं लपवतात. एडीएसबी एक्स्चेंज या साइटवर ती बहुधा दिसतात.

ज्यांना दुसऱ्याच्या नकाशावर विसंबायचं नाही त्यांनी आपला रिसीव्हर लावावा. विमानं आपली जागा आणि उंची १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतात. आरटीएल-एसडीआरचा यूएसबी डोंगल (रेडिओ सिग्नल पकडणारा), रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि अँटेना एवढंच सामान लागतं. अँटेना घरी होते. ६.९ सेंटिमीटरची एक उभी तार आणि तेवढ्याच लांबीच्या चार तारा खाली तिरप्या. ती प्लास्टिकच्या पीव्हीसी नळीत घालून वरचं टोक बंद करायचं, नाहीतर पहिल्याच पावसात जोडाला गंज चढतो. सगळ्यात जास्त घोळ केबलमध्ये होतो. अँटेना गच्चीवर आणि डोंगल खालच्या खोलीत ठेवून १५ मीटर केबल टाकली की या फ्रिक्वेन्सीला सिग्नल वाटेतच मरतो. डोंगल अँटेनापाशी वर ठेवायचा, केबल एक-दोन मीटर. जवळ मोबाइल टॉवर असेल तर गेन (डोंगल सिग्नल किती वाढवतो ते) कमी करून पाहायचा. जास्त गेनने डोंगल बहिरा होतो आणि विमानं वाढायच्या ऐवजी कमी दिसतात. पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या रांगेमागची खालची विमानं दिसणार नाहीत, ते डोंगराचं काम आहे, बिघाड शोधत बसू नये. नाव आलं नाही तरी प्रत्येक विमानाचा सहा अक्षरी कोड येतो. ८०० ते ८३एफ ने सुरू होणारे भारतीय, ८९६ संयुक्त अरब अमिरातीचे, ०६ए कतारचे, ७६८ ते ७६ एफ सिंगापूरचे.

शेवटी तो हमखास फिरणारा फोटो: सूर्यास्तानंतर पश्चिमेला, अंजनेरीच्या मागे, आगीचा लोळ खाली पडतोय. जमिनीवर अंधारू लागलं तरी ११ किलोमीटरवर ऊन सुमारे पंधरा मिनिटं जास्त राहतं, आणि ते ऊन तांबडं असतं. आपल्यापासून दूर जाणारं विमान क्षितिजाकडे टेकत जाताना त्याची आखूड रेघ उभी, पेटलेली दिसते. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं असं विमान एका मिनिटात जेमतेम चंद्राच्या दीडपट व्यासाएवढं सरकतं, म्हणून ते लटकल्यासारखं वाटतं. उल्का काही सेकंदांत संपते. असा फोटो कोणी पाठवला तर एकाच चित्रावर मत देऊ नका. दोन फोटो मागा, मध्ये एक मिनिटाचं अंतर, आणि दोन्हींत तीच पाण्याची टाकी किंवा तीच विजेची तार आली पाहिजे.